मागणीपासून तरतुदीपर्यंत : समुदाय-कलावंतांसाठीच्या एका प्रशिक्षण सेवेचे परीक्षण

वस्त्यांमध्ये, शाळांमध्ये, वृद्धाश्रमांत, तुरुंगांत किंवा रुग्णालयांत लोकांना सोबत घेऊन नाटक, चित्र, संगीत वा नृत्य करणाऱ्या कलावंतांना कलेसाठी सार्वजनिक निधी कसा मागावा हे शिकवणाऱ्या सेवा आता बऱ्याच निघाल्या आहेत. त्यांपैकी एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे हे परीक्षण आहे. ध्वनिचित्रित व्याख्याने, निवेदनांचे नमुने, अर्थसंकल्प वाचण्याचा सराव आणि ठरावीक काळाने मार्गदर्शकाशी संवाद असे त्याचे स्वरूप आहे. या क्षेत्रातल्या बहुतेक सेवांचा साचा असाच असतो, म्हणून येथे नावापेक्षा आशयाचा विचार केला आहे. पैसा कोठे असतो आणि तो केव्हा ठरतो हे हा अभ्यासक्रम उत्तम शिकवतो, तो का मागावा हे मध्यम शिकवतो, आणि मिळाल्यानंतर काय होते याकडे जवळजवळ पाठच फिरवतो, असे माझे मत आहे.

उत्तम भागापासून सुरुवात करणे न्याय्य ठरेल. कलावंतांचे शिष्टमंडळ लोकप्रतिनिधींच्या भेटीला जाते ते बहुधा अर्थसंकल्प मांडला गेल्यानंतर, म्हणजे कोणत्या खात्याला किती मिळणार हे ठरून गेल्यावर. निवेदन स्वीकारले जाते, छायाचित्र निघते आणि कागद फायलीला लागतो. अभ्यासक्रमाचा पहिला घटक या सवयीवरच बोट ठेवतो. खाती आपले प्रस्ताव कधी पाठवतात, वित्त विभाग त्यांची छाननी कधी करतो, समित्यांसमोरच्या सुनावण्या कधी होतात आणि सभागृहातल्या चर्चेत प्रत्यक्षात किती फेरफार होऊ शकतो, याचे वेळापत्रक प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने आपापल्या ठिकाणासाठी तयार करायचे असते. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु ते पुरे केल्यावर कोणाला केव्हा भेटायचे या प्रश्नाचे उत्तर आपोआप हाती येते आणि खात्यातल्या कनिष्ठ अधिकाऱ्याची योग्य वेळी घेतलेली भेट मंत्र्याच्या अवेळी घेतलेल्या भेटीपेक्षा मोलाची का असते, हेही कळते.

त्यापुढचा सराव मला या संपूर्ण सेवेतला सर्वांत मोलाचा वाटला. आपल्या स्थानिक स्वराज्य संस्थेचे किंवा प्रांतिक सरकारचे मागील काही वर्षांचे अर्थसंकल्प मिळवून कलेशी संबंधित प्रत्येक शीर्षाखालची (म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या बाबीखालची) मूळ तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहायचे असतात. तरतूद आहे पण खर्चच झालेला नाही, असे चित्र त्यातून दिसले तर मागणीचे स्वरूपच बदलावे लागते. अशा वेळी निधी वाढवून मागण्यात अर्थ नसतो. अर्ज मागवण्याला उशीर का झाला, निवड समिती का बसली नाही आणि पैसा परत का गेला, हे विचारावे लागते. जो कलावंत हा प्रश्न आकड्यांसह विचारतो, त्याच्याशी अधिकारी वेगळ्या सुरात बोलतात. अभ्यासक्रमाच्या व्याख्यात्यांना हे नेमके ठाऊक आहे आणि ते कोणताही अभिनिवेश न आणता सांगतात.

याच घटकात एक ऐतिहासिक दाखला येतो आणि तो योग्य जागी येतो. अमेरिकेत १९७३ मध्ये बेरोजगारी कमी करण्यासाठी रोजगार व प्रशिक्षणाचा एक कायदा झाला. त्यात कलेसाठी म्हणून वेगळी तरतूद नव्हती. तरीही १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या वस्तीपातळीवरच्या कला उपक्रमाने कलावंत हेही बेरोजगारच आहेत, असे दाखवून त्या पैशातून त्यांच्या नेमणुका करून घेतल्या. ही युक्ती इतर शहरांनी उचलली आणि पुढच्या काही वर्षांत हजारो कलावंतांना शाळा, ग्रंथालये, सामुदायिक केंद्रे येथे पगारी काम मिळाले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो कायदाच गेला, तेव्हा त्याबरोबर ही कामेही गेली. यातून अभ्यासक्रम असा धडा काढतो की ‘कला व संस्कृती’ या शीर्षाबाहेरही पाहावे : आरोग्य, शिक्षण, तुरुंग, गृहनिर्माण, युवक कल्याण. फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये पुनर्विकासाच्या बांधकाम खर्चाचा एक टक्का कलेसाठी राखून ठेवण्याची अट घातली, हे उदाहरणही त्याच ओघात येते. मात्र दुसऱ्या खात्याचा पैसा त्या खात्याचे उद्दिष्ट सोबत घेऊन येतो आणि त्या खात्याचे धोरण फिरले की कोणी विचारत नाही, ही बाजू व्याख्यानात एका वाक्यात उरकली आहे. रोजगाराच्या कायद्याचा जो शेवट झाला, तो पाहता तिला पुरेसा वेळ द्यायला हवा होता.

आता मध्यम भागाकडे वळू. पैसा का द्यावा, या प्रश्नासाठी अभ्यासक्रमाने सर्वाधिक वेळ खर्ची घातला आहे आणि त्यातला बहुतेक वेळ आर्थिक लाभाच्या युक्तिवादावर गेला आहे. कलेवर खर्च झालेला पैसा स्थानिक बाजारात फिरतो, प्रेक्षक वाहतुकीवर आणि खाण्यापिण्यावर खर्च करतात, त्यातून रोजगार आणि कर निर्माण होतात, अशी ही मांडणी आहे. ती खोटी नाही. अडचण अशी की हेच विधान जवळजवळ प्रत्येक सार्वजनिक खर्चाबद्दल करता येते. रस्ता बांधणारा कंत्राटदार, क्रीडासंकुल मागणारी संघटना आणि प्रदर्शन केंद्राचा प्रस्ताव आणणारा विकासक हे सगळे आपापले गुणक (खर्चलेल्या एका रुपयामागे बाजारात किती रुपये फिरतात ते आकडे) घेऊन त्याच समितीपुढे येतात आणि त्यांचे आकडे वस्तीतल्या नाट्यगटाच्या आकड्यापेक्षा नेहमीच मोठे असतात. शिवाय प्रेक्षकाने नाटकाच्या निमित्ताने खर्च केलेला पैसा त्याने एरवी दुसऱ्या कशावर तरी खर्च केलाच असता, हा आक्षेप कोणताही जाणता अर्थविभाग घेतो. त्याला उत्तर कसे द्यावे, हे अभ्यासक्रमात कोठेही नाही. ज्यांच्या कार्यक्रमांना तिकीटच नसते आणि ज्यांचे प्रेक्षक शेजारच्या गल्लीतून चालत येतात, अशा समुदाय-कलावंतांना तर हा युक्तिवाद उसना अंगरखा घातल्यासारखा बेमापाचा ठरतो.

याहून मजबूत असा एक आर्थिक युक्तिवाद उपलब्ध असूनही तो वगळला गेला, याचे मला आश्चर्य वाटले. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की नाटक, संगीत, नृत्य अशा प्रयोगरूप कलांचा खर्च इतर क्षेत्रांच्या तुलनेत वाढतच जाणार. कारखान्यात यंत्रांमुळे एका कामगाराचे उत्पादन वाढते आणि त्या बळावर वेतनही वाढते. चार वादकांची एक रचना वाजवायला मात्र पूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागत असे, तितकाच आजही लागतो. वादकांचे वेतन इतरांच्या बरोबरीने वाढवायचे तर उत्पन्न आणि खर्च यांतली दरी रुंदावत जाते. यात कोणाचाही गलथानपणा नसतो. समुदायासोबतच्या कलाकामाला हे अधिकच लागू पडते, कारण वीस मुलांना घेऊन नाटक बसवण्याचे काम कमी माणसांत किंवा कमी वेळात केले तर ते काम तेच राहत नाही. ‘तुम्ही स्वावलंबी का होत नाही’ या हमखास येणाऱ्या प्रश्नाला इतके नेमके उत्तर दुसरे नाही. हे उत्तर निधीच्या समर्थनासाठी आपोआप पुरेसे होत नाही, हे खरे. महाग होत जाणारी प्रत्येक गोष्ट सरकारने पोसावी असे त्यातून सिद्ध होत नाही. परंतु चर्चा तेथून पुढे तरी जाते.

सामाजिक परिणामांच्या पुराव्याचा घटक त्या मानाने बरा आहे. समुदाय-कलेचे अभ्यासक फ्रांस्वा मातारासो यांनी १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये कलेतील सहभागाचे पन्नास सामाजिक परिणाम मांडले आणि त्यानंतर अशा पुराव्याची मागणी वाढली, हा इतिहास तो सांगतो. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे कठोर टीका झाली, हेही लपवत नाही. तरीही सरावाच्या भागात पुन्हा सहभागी व्यक्तींचे हृद्य अनुभव गोळा करण्यावरच भर आहे. अनुभव गोळा करावेतच, पण तुलना कशाशी, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही. आयर्लंडने २०२२ मध्ये कलावंतांसाठी मूलभूत उत्पन्नाची प्रायोगिक योजना सुरू केली, तेव्हा पात्र अर्जदारांतून २००० जणांची निवड यादृच्छिक पद्धतीने करून त्यांना आठवड्याला ३२५ युरो देण्यात आले आणि निवड न झालेल्यांपैकी काहींचा तुलना गट ठेवून त्यांचीही माहिती नियमितपणे घेण्यात आली. लहान गटाला एवढे जमणार नाही. तथापि प्रतीक्षा यादीत राहिलेल्या मुलांचीही तीच माहिती नोंदवावी, इतकी साधी सूचना त्यावरून देता आली असती आणि ती कोणालाही पाळता आली असती.

अधिकाराच्या भूमिकेतून मागणी कशी करावी, याला दिलेली जागा फारच अपुरी आहे. मानवी हक्कांच्या १९४८च्या जाहीरनाम्यातील सत्ताविसावे कलम समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मुक्तपणे सहभागी होण्याचा हक्क प्रत्येकाला देते आणि १९६६च्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या करारातील पंधरावे कलम तोच हक्क, करार मान्य करणाऱ्या राष्ट्रांवर बंधन म्हणून आणते. कलावंतांच्या दर्जाविषयी युनेस्कोने १९८० मध्ये केलेली शिफारसही हाताशी आहे. अभ्यासक्रम या तिन्हींची नावे एका तक्त्यात देऊन पुढे सरकतो. वास्तविक समुदाय-कलावंतांची खरी ताकद येथेच आहे, कारण त्यांची मागणी कलावंताच्या उपजीविकेपुरती मर्यादित राहत नाही. ज्या लोकांना नाट्यगृहापर्यंत पोचताच येत नाही, त्यांच्या सहभागाचा प्रश्न ती मांडते. त्यामुळे सुनावणीत बोलायला कलावंताने एकट्याने उभे राहण्यापेक्षा वस्तीतल्या सहभागी रहिवाशांनी उभे राहावे, हा सल्ला अभ्यासक्रमाच्या मध्यभागी असायला हवा होता. तो एका मार्गदर्शकाच्या तोंडून संवादाच्या ओघात निघाला, लिखित साहित्यात मात्र आढळला नाही.

सुनावणीसमोर तीन मिनिटांत बोलण्याचा सराव चांगला आहे, त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मागणी पहिल्याच वाक्यात सांगा, रक्कम आणि शीर्ष नेमके सांगा, एकच उदाहरण द्या, आभार मानून थांबा. नाटकवाल्यांना हा भाग सर्वांत सोपा जातो आणि म्हणूनच कदाचित तो सर्वांना सर्वांत आवडतो.

आघाडी बांधण्याच्या घटकात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहराचे उदाहरण सविस्तर घेतले आहे आणि ते घ्यावे इतके बोधप्रद आहे. तेथे राज्याने १९८२ मध्ये मोठ्या सांस्कृतिक संस्थांना थेट निधी देणे थांबवले. त्यानंतर या संस्थांनी आणि लहान गटांनी मिळून मोहीम चालवली आणि १९८८ मध्ये महानगर क्षेत्रातील मतदारांनी ०.१ टक्के विक्रीकर, म्हणजे दहा डॉलरच्या खरेदीवर एक सेंट, विज्ञान व संस्कृतीसाठी मान्य केला. पुढे १९९४, २००४ आणि २०१६ मध्ये मतदारांनी त्याला पुन्हा मान्यता दिली. व्याख्यात्याचा भर मोहिमेच्या यशावर आहे. माझ्या दृष्टीने त्या योजनेतला शिकण्यासारखा भाग तिच्या वाटपाच्या सूत्रात आहे : संस्थांचे तीन स्तर केलेले आहेत, वरच्या स्तरातील मूठभर मोठ्या संस्थांना बहुतांश रक्कम जाते, आणि तिसऱ्या स्तरातल्या शेकडो लहान गटांना उरलेल्यातला एक छोटा हिस्सा काउंटीनिहाय (म्हणजे जिल्हानिहाय) परिषदांमार्फत वाटला जातो. मोठ्या संस्थांशिवाय असा कर मंजूर होणे अवघड असते आणि त्यांच्यासोबत गेले की सूत्र त्यांच्या बाजूने झुकते. लहान गटांनी आपला टक्का मोहीम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्यावा, नंतर नव्हे. कारण मतदान होईपर्यंतच त्यांच्या पाठिंब्याला किंमत असते. अभ्यासक्रमात ‘एकजूट’ हा शब्द वारंवार येतो, ही वाटाघाट मात्र येत नाही.

जोड निधीचा मुद्दा मात्र त्याच घटकात फार नेटकेपणाने समजावला आहे. अमेरिकेत १९६५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कला निधी संस्थेच्या कार्यक्रम निधीपैकी ४० टक्के रक्कम राज्यांच्या आणि प्रादेशिक कलासंस्थांकडे जाते, आणि राज्याला आपला वाटा घालावा लागतो. कॅन्ससच्या गव्हर्नरांनी २०११ मध्ये राज्याच्या कला आयोगाची तरतूद नकाराधिकार वापरून काढून टाकली, तेव्हा राज्याची बचत झाली खरी, पण केंद्राकडून येणारा पैसाही गेला. पुढच्याच वर्षी तेथे वेगळ्या नावाने नवा आयोग उभा करावा लागला. कपातीची भाषा बोलणाऱ्या सभागृहात हा दाखला भावनिक आवाहनापेक्षा अधिक कामी येतो.

निधी मिळाल्यानंतर काय होते, याविषयी अभ्यासक्रमात शेवटचे एक छोटे व्याख्यान आहे आणि त्यात आभाराचे पत्र कसे लिहावे हे सांगितले आहे. माझा मुख्य आक्षेप यावर आहे. सार्वजनिक पैशासोबत अटी येतात, आणि ज्याने पैसा मागायला शिकवले त्याने अटी वाचायलाही शिकवले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९४६ साली कला परिषद स्थापन झाली तेव्हा, अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या विचाराप्रमाणे, सरकारने पैसा द्यावा पण कोणाला द्यावा हे स्वतंत्र परिषदेने ठरवावे अशी हातभर अंतराची व्यवस्था केली गेली. तीही निर्विवाद राहिली नाही. समुदाय-कलेला या परिषदेने गंभीरपणे घ्यावे म्हणून १९७०च्या दशकात तिथल्या कलावंतांना झगडावे लागले आणि १९७४ मध्ये त्यासाठीच्या अभ्यासगटाचा अहवाल आला. लंडनमध्ये महानगराचा कारभार पाहणाऱ्या ग्रेटर लंडन कौन्सिलने अशा गटांना सढळ हाताने मदत केली, परंतु १९८६ मध्ये ती कौन्सिलच बरखास्त झाली. अमेरिकेत १९८९ नंतर काही प्रदर्शनांवरून वाद पेटला, १९९० मध्ये सभ्यतेचे सर्वसाधारण निकष विचारात घेण्याची अट कायद्यात आली, १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली, आणि दरम्यान राष्ट्रीय कला निधी संस्थेचा वार्षिक निधी १९९५ मधील सुमारे १६.२ कोटी डॉलरवरून १९९६ मध्ये १० कोटींच्या खाली आला व व्यक्तिगत कलावंतांना दिली जाणारी बहुतेक अनुदाने बंद झाली. एकाच देणाऱ्यावर अवलंबून राहू नये, आशयावरची अट कोणत्या शब्दांत लपलेली असते आणि निवड समितीत कोण बसतो हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, या तिन्ही गोष्टी अशा इतिहासातून शिकवता येतात.

ब्राझीलचा अनुभव तर या अभ्यासक्रमासाठी जणू तयारच होता. तेथे झिल्बेर्तो झिल संस्कृतीमंत्री असताना २००४ मध्ये ‘पोंतोस दे कुल्तुरा’ ही योजना सुरू झाली. नवी केंद्रे बांधण्याऐवजी वस्त्यांत आधीपासून चालू असलेल्या सांस्कृतिक गटांना ओळखून त्यांना थेट निधी देण्याची तिची पद्धत होती. पैसा पोचला, पण त्यासोबत आलेले हिशेबाचे नियम मोठ्या कंत्राटदार संस्थांसाठी केलेले होते आणि ते पाळताना लहान गटांची दमछाक झाली. कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा होऊन ही योजना कायमस्वरूपी धोरण बनली आणि हिशेब देण्याची पद्धत सोपी करण्यात आली. म्हणजे रक्कम वाढवून घेण्याइतकेच अर्जाचा आणि हिशेबाचा नमुना बदलून घेणे हेही निधीसाठीच्या पाठपुराव्याचे काम आहे. दोन पानांचा अर्ज, अर्धी रक्कम आगाऊ, आणि लहान रकमांसाठी साधे विवरण या मागण्यांवर सरकारला फारसा खर्च येत नाही, त्यामुळे त्या मान्य होण्याची शक्यताही जास्त असते.

कायदेशीर मर्यादांचा उल्लेख अभ्यासक्रमात आहे, पण तो इतका मोघम आहे की वाचणाऱ्याला एकतर भीती वाटेल किंवा काहीच वाटणार नाही. धोरणाबद्दल लोकांना आणि लोकप्रतिनिधींना माहिती देणे, विशिष्ट विधेयकाच्या बाजूने मत मागणे आणि निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार करणे या तीन वेगळ्या गोष्टी असून, नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना त्यांबाबतचे नियम देशोदेशी वेगळे लागू होतात. सरकारी अनुदानाचाच पैसा या कामासाठी वापरणे तर अनेक ठिकाणी निषिद्ध असते. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने आपल्या देशातला नियम स्वतः शोधून लिहून आणावा, असा सराव अर्थसंकल्पाच्या सरावाप्रमाणेच ठेवता आला असता.

सेवा म्हणून व्यवस्था समाधानकारक आहे. निवेदनांचे नमुने स्वच्छ आहेत, मात्र ते जसेच्या तसे वापरू नयेत. एकाच मजकुराची शंभर पत्रे कार्यालयात एकच पत्र म्हणून मोजली जातात आणि दोन ओळी स्वतःच्या हातच्या असल्या की उत्तर येण्याचा संभव वाढतो. मार्गदर्शक विषय जाणणारे आहेत आणि चुकलेला आकडा ते परत पाठवतात, याचे मला कौतुक वाटले. गटचर्चेत प्रस्थापित संस्थांचे व्यवस्थापक अधिक आणि एकट्याने काम करणारे कलावंत कमी असतात, त्यामुळे चर्चा पुन्हा पुन्हा पगारी कर्मचाऱ्यांच्या सोयीच्या वेळा आणि साधने गृहीत धरते. सकाळी अकराच्या सुनावणीला जाण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवणाऱ्या कलावंताचा विचार कोणीतरी करायला हवा.

ज्या गटाने आजवर कधी अर्थसंकल्प उघडून पाहिलेला नाही, त्याने ही सेवा जरूर घ्यावी. पहिले दोन घटक संपूर्ण करावेत, आर्थिक लाभाची व्याख्याने चाळावीत आणि वाचलेला वेळ आपल्या भागातील अनुदानाच्या नियमावलीवर खर्च करावा. ज्या गटाचा निधी आधीच मंजूर झाला आहे, त्याच्या उपयोगाचे येथे फारसे काही नाही. त्याला या घडीला चांगल्या हिशेबनिसाची गरज अधिक आहे.